‘ताओ पो!’ म्हणजे काय, आणि चहाचं काय करायचं?

मागच्या अंकात माझ्यावर दोन पानं छापून आली होती. नाशिकचा मुलगा, पांढरा शर्ट आणि टाय, छातीवर काळी पाटी, दोन वर्षं फिलिपिन्समध्ये मॉर्मन मिशनरी. त्यावर वाचकांचे प्रश्न आले. संपादकताईंनी सगळा गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, ‘आता तूच निस्तर.’ बहुतेकांनी नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून फक्त गावातला भाग दिलाय.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं घर शरणपूरचं, चार पिढ्या ख्रिस्ती. वडील नोकरीसाठी काही वर्षं बेंगळुरूला होते. तिथं आईवडील आणि आम्ही दोघं भावंडं ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या मंडळीत गेलो. हे नाव लांबलचक, म्हणून जग आमच्या ‘मॉर्मन ग्रंथा’वरून ‘मॉर्मन’ म्हणतं. २०१८ मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी पूर्ण नावच वापरा असं सांगितलं, पण अर्ध्या पानाच्या सदरात ते परवडत नाही, तेव्हा माफी असावी. आजी मात्र शरणपूरच्या जुन्या देवळातच, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चमध्येच राहिली. तिचा प्रश्न आजही कायम आहे : ‘पवित्र शास्त्र असताना ह्यांना आणखी एक ग्रंथ कशाला?’ ऑगस्ट २०२२ मध्ये मी गेलो, ऑगस्ट २०२४ मध्ये परत आलो. सध्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे.

प्रश्न : कुठं जायचं ते तुम्ही ठरवलं का? अमेरिका का नाही घेतली? (कॉलेजरोड)

घेतली असती हो, दिली असती तर! आपण फक्त अर्ज करायचा. मुलगे अठरा ते पंचवीस वयात जातात, दोन वर्षांसाठी. मुलींना दीड वर्ष. डॉक्टरचा दाखला लागतो, दातांच्या डॉक्टरचाही लागतो. मला आमच्या दंतवैद्यांनी दोन्ही अक्कलदाढा काढून मगच सही दिली. त्यावर वडील म्हणाले, ‘म्हणजे अक्कल इथंच ठेवून चाललास.’ मग एक दिवस ईमेल येते, त्यात देश आणि भाषा लिहिलेली असते. माझ्यात लिहिलं होतं, फिलिपिन्स, लेगास्पी मिशन, भाषा तागालोग. आजीनं नकाशा मागवला. लुझॉन बेटाच्या खालच्या शेपटाकडं बोट ठेवून म्हणाली, ‘इथं तर समुद्रच आहे सगळा.’

प्रशिक्षणाचा पहिला आठवडा घरूनच झाला, ऑनलाइन. मी शर्ट-टाय घालून लॅपटॉपसमोर, खाली बर्म्युडा, आणि दाराबाहेर कुकरच्या शिट्ट्या. मग मनिलाच्या केंद्रात सहा आठवडे. तिथं पहिल्याच दिवशी घोळ. शिक्षिका वाक्यागणिक ‘हिंदी… हिंदी…’ म्हणत होत्या. मला वाटलं, मला हिंदी येतं का विचारतायत. मी दर वेळी मान डोलवून ‘यस, यस’. तागालोगमध्ये ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’. हा शब्द पुढं दोन वर्षांत मी जितक्यांदा ऐकला, तितकं माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

बाकी भाषेनं आपल्याला सवलत दिलीय. मुखा म्हणजे मुखच, गुरो म्हणजे गुरुजी, साक्सी म्हणजे साक्षीदार. आणि दुखा म्हणजे दरिद्री.

प्रश्न : दिवसभर नक्की काय करायचात? प्रवचन? भजन? (निवृत्त शिक्षक, नाशिकरोड)

सर, प्रवचन दिवसातून जेमतेम अर्धा तास, तेही कुणी बसू दिलं तर. बाकी सगळा घड्याळाचा कारभार. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम. साडेसातपर्यंत अंघोळ उरकून न्याहारी. आठ ते नऊ एकट्यानं वाचायचं, नऊला जोडीदाराबरोबर अभ्यास, मग भाषा. त्यानंतर बाहेर. ठरलेल्या घरी जायचं, रस्त्यात बोलायचं, कुणाचं भात झोडायचं काम निघालं असेल तर शर्ट काढून, म्हणजे दुसरा जुना घालून, ते करायचं. आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजीचा वर्ग. रात्री नवाच्या आसपास खोलीवर. उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, पोहायचं नाही (समुद्र समोर असून!), प्रेमप्रकरण अर्थातच नाही. सैनिकी शाळेत गेलेल्यांना ओळखीचं वाटेल.

आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा, बहुतेकांना सोमवारी. त्याला आम्ही पी-डे म्हणतो, तयारीचा दिवस. तयारी म्हणजे बाजारहाट, केस कापणं, घरी फोन आणि धुणं. धुण्याबद्दल कुणीच विचारलेलं नाही, पण माझ्या मते मिशनरीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विषय तोच. माझे सहा पांढरे शर्ट होते. तिकडची हवा म्हणजे आपला जुलै, बाराही महिने. दुपारी दोनपर्यंत कॉलरच्या आतल्या घडीवर तपकिरी रेघ उमटलेली असायची. मशीन नव्हतं, एक बादली आणि एक ब्रश. पहिल्या महिन्यात मी जीव खाऊन घासलं आणि रेघ जायच्याऐवजी कापडच विरलं. मग आईनं फोनवरून धडा दिला. कॉलर कोरडी असतानाच ओल्या साबणाची वडी रेघेवर फिरव, दहा मिनिटं तसाच ठेव, मग ब्रश घडीच्या उभ्या दिशेनं मार, आडवा नाही. तेव्हापासून आमच्या भागातल्या चारही एल्डरांचे शर्ट नाशिकच्या पद्धतीनं निघू लागले.

हो, ‘एल्डर’ हा आमचा किताब. आडनावाआधी लावायचा. मुलींना ‘सिस्टर’. शरणपूरच्या देवळात एल्डरला ‘वडील’ म्हणतात आणि ते पांढऱ्या केसांचे असतात. आजीला हे कळल्यावर तिनं माझ्या ओठांवर बोट फिरवून बघितलं. ‘मिशी फुटेना आणि म्हणे वडील.’

प्रश्न : चोवीस तास एकाच माणसाबरोबर? भांडणं होत नव्हती? आमच्या लग्नाला आठ महिने झालेत म्हणून विचारते. (सिडको)

ताई, तुम्ही निदान फोटो बघून होकार दिला असेल. आम्हाला तेवढंही नाही. वर कुणीतरी ठरवतं, एक फोन येतो, बॅग भरायची आणि नव्या गावी नव्या जोडीदाराबरोबर नांदायला जायचं. दर सहा आठवड्यांनी बदलीची शक्यता. दोन वर्षांत माझे नऊ जोडीदार झाले. न्हाणीघर सोडून एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही, हा नियम. एकाला सर्दी झाली की दोघंही घरात. एकाला सकाळी सहाला पळायची हौस असेल तर दोघंही पळणार.

पहिला जोडीदार, जो आपल्याला शिकवतो, त्याला तिकडची पोरं ‘ताताय’ म्हणतात, म्हणजे बाप, आणि शिकणारा तो ‘अनाक’, लेकरू. माझा ताताय पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांचा. सव्वासहा फूट, घोरणं गोदावरी एक्स्प्रेससारखं, आणि अतिशय देवमाणूस. त्याचा देवमाणूसपणा समजायला मला चार आठवडे लागले.

भांडणावर उपाय म्हणून एक रीत आहे. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचं काय चांगलं, काय खटकतं ते सांगायचं. आपल्याला घरात असं बोलायची सवय कुठं? आपण भांडी आपटतो. पहिल्या वेळी त्यानं विचारलं, काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही, सगळं छान. तो थांबून राहिला. मोठा माणूस असा शांत बसून राहिला की आपणच बोलायला लागतो. मी म्हटलं, तुझे ओले मोजे माझ्या उशीच्या वरच्या दोरीवर असतात, रात्री थेंब पडतात. त्यानं वहीत लिहून घेतलं! मग म्हणाला, ‘तू भांडी घासताना गातोस.’ मी चाट. मी गातो हेच मला माहीत नव्हतं. म्हटलं, बंद करतो. तर म्हणाला, ‘नको, मोठ्यानं गा. अर्धवट ऐकू येतं, त्याचा त्रास होतो.’ मग मी नारायण वामन टिळकांची देवळातली पदं मोठ्यानं म्हणू लागलो, आणि तो न कळणाऱ्या मराठीत खालच्या पट्टीत सूर धरायचा. बदली झाली तेव्हा बसस्टँडवर दोघंही रडलो.

सगळेच असे नव्हते. एक जोडीदार माझ्याशी नऊ दिवस कामापुरतंच बोलत होता. चूक निम्मी माझी होती. त्याच्या घरचं पत्र पलंगावर उघडं पडलं होतं, ते मी वाचलं. तुमच्या आठ महिन्यांना माझ्या शुभेच्छा, आणि मोज्यांचं वेळीच बोला.

प्रश्न : पगार किती? एक माणूस बाटवला की किती मिळतात? खरं सांगा. (सातपूर)

खरं सांगतो. पगार शून्य. उलट घरून पैसे जातात. अमेरिकेतल्या मुलांच्या घरच्यांना २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. आमच्यासारख्यांना ऐपतीप्रमाणे, बाकीचं चर्चच्या निधीतून. खोलीचं भाडं मिशन भरतं आणि खाण्यापिण्यापुरते पैसे महिन्याला कार्डावर येतात. ते तिसऱ्या आठवड्यात संपतात, मग अंडी आणि भात.

आणि जो येतो त्याला काय मिळतं? दारू, सिगारेट, चहा, कॉफी सोडायची. मिळकतीचा दहावा हिस्सा द्यायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा कडक उपास. आपल्या उपासाला निदान साबुदाण्याची खिचडी असते, आमच्याकडं पाणीसुद्धा नाही, आणि त्या दोन जेवणांचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. हे आमिष दाखवून तुम्ही सातपूरच्या नाक्यावर कुणाला फितवून दाखवा, मी तुम्हाला मिसळ देतो.

माझ्या दोन वर्षांत अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यातले सगळे टिकले नाहीत.

प्रश्न : तुमच्यात चार-चार बायका करतात म्हणे? (नाव-पत्ता नाही)

करायचे, एकोणिसाव्या शतकात. १८९० मध्ये चर्चनं ते बंद केलं. आज कुणी केलं तर त्याला मंडळीतून काढून टाकतात. माझं पहिलंच अजून जमत नाहीये. कुणाच्या पाहण्यात असेल तर संपादकताईंकडं पत्ता आहे.

प्रश्न : चहा पीत नाही म्हणजे काय? पाहुण्यांकडं गेलं की काय करता? (गृहिणी, इंदिरानगर)

काकू, हा एकच प्रश्न सात पत्रांत आहे. सिगारेट-दारू ओढत-पीत नाही म्हटलं की लोक कौतुक करतात. चहा नको म्हटलं की चेहरा पडतो. जणू आपण त्यांच्या घरी बसायलाच नकार दिला.

हा नियम १८३३ चा आहे. त्यात ‘गरम पेयं’ नकोत असं आहे, आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावतात. वाफ निघणाऱ्या सगळ्याच वस्तू नव्हे. सूप चालतं, दूध चालतं. गवती चहा, आल्याचा काढा चालतो. तिकडं आल्याचा गूळ घातलेला काढा असतो, सालाबात म्हणतात. तो मी लोटाभर प्यायचो. कॉफीची पुडी घेऊन कुणी गरम पाण्याकडं वळलं की मी लगेच ‘तुबिग पो’ म्हणायचो. तुबिग म्हणजे पाणी. आधीच मागितलं की नाकारायची वेळ येत नाही, हे माझं दोन वर्षांतलं तंत्र.

नाशिकमध्ये हे तंत्र चालत नाही. इथं पाणी हे चहाच्या आधीचं असतं. पाणी आणून देतात आणि विचारतात, ‘साखर किती?’ हल्ली मी सांगतो, गवती चहा टाका, पावडर नको. तरी मावशी नावापुरती अर्धा चमचा टाकतेच. ‘त्याशिवाय रंग येत नाही रे.’ मग तो रंगीत कप मी निमूटपणे मावसभावाकडं सरकवतो.

वाईनबद्दल चौघांनी लिहिलंय की नाशिककर असून हे कसं. द्राक्षं खातो की, पेटीनं खातो. फक्त प्रभुभोजनातसुद्धा आमच्याकडं पावाबरोबर द्राक्षरसाऐवजी साधं पाणी असतं. आजीला सगळ्यात जास्त दुखावलं ते यानं. ‘द्राक्षाच्या गावात राहून पाणी?’

प्रश्न : माझा मुलगा परदेशी शिकायला जातोय. तुमच्या आईनं कसं सोसलं? फोन करता यायचा का? (मखमलाबाद)

आईलाच विचारलं. ती म्हणाली, ‘लिही, सवय होत नाही.’ म्हणून ते आहे तसं दिलं.

फोनचं म्हणाल तर आमची पिढी नशीबवान. फेब्रुवारी २०१९ पर्यंत मिशनरीला वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला पी-डेला करता येतो, व्हिडिओवरसुद्धा. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढं, त्यामुळे माझी दुपार म्हणजे आईची पोळ्यांची वेळ. दोन वर्षं मी तिला खालून पाहिलं. हनुवटी, पंखा आणि ओट्यावरची टाइल्स. फोन डब्याला टेकवून ठेवायची.

ताईचा साखरपुडा ठरला तो मी तिकडं असताना. व्याह्यांनी रविवार काढला होता, सगळ्यांना सुट्टी म्हणून. आई अडून बसली, सोमवारच पाहिजे. ते म्हणाले, सोमवारी कोण येणार? आई म्हणाली, ‘माझा मुलगा येणार.’ सोमवारी झाला. मी आमच्या गावातल्या चर्चच्या इमारतीत, जिथं नेट बरं चालायचं, तिथं शर्ट-टाय घालून बसलो. शेजारी जोडीदार बसला, कारण त्याला एकटं सोडता येत नव्हतं. तो अमेरिकेतल्या युटाचा. नाशिकच्या साखरपुड्यात अख्खा एक तास एक गोरा मुलगा पडद्यावर होता आणि सासरच्या मंडळींनी त्यालाच नवरीचा भाऊ समजून नमस्कार केला.

प्रश्न : जेवणाचं काय? (तीन पत्रं)

तिन्ही वेळा भात, त्याबरोबर जे असेल त्याला ‘उलाम’ म्हणतात. सकाळी खारवलेली सुकी मासळी तळायचा वास गल्लीभर. डुकराचं मांस भरपूर. आपल्याकडं बोकडाची रक्ती करतात, तशी तिकडं डुकराची. पहिल्यांदा खाताना डोळे मिटले, दुसऱ्यांदा वाढून घेतली. शाकाहारी माणसाचे मात्र हाल. त्यांच्यासाठी शुक्रवार. बऱ्याच कॅथलिक घरांत शुक्रवारी मूग शिजतात, आपल्या उसळीच्या थोडे पातळ, वरून शेवग्याचा पाला. कधी त्यात सुकी मासळी असते, आधी विचारून घ्यायचं. पहिल्या शुक्रवारी मला कुणाच्या तरी पातेल्यात मूग दिसले तेव्हा मी चमचा न घेता नुसता बघत बसलो होतो.

आणि लाईंग! आम्ही होतो तो बिकोल भाग. नारळाचं दूध आणि मिरची ही तिथली खूण. लाईंग म्हणजे अळूची वाळवलेली पानं नारळाच्या दुधात आटवायची, आलं, लसूण, भरपूर मिरच्या, थोडं खारं. पातेलं मंद आचेवर ठेवलं की पानं पूर्ण शिजेपर्यंत चमचा घालायचा नाही, नाहीतर खाज सुटते. मी त्यांना सांगितलं, आम्ही चिंच घालतो, मग घसा खवखवत नाही. त्या बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं आजी मॉर्मन ग्रंथाकडं पाहते.

प्रश्न : दादा, तू खरा ज्वालामुखी बघितलास का? (इयत्ता सहावी, पंचवटी)

बघितला! मेयॉन. अडीच किलोमीटरला थोडा कमी उंच, आणि असा टोकदार की कुणी कंपासनं काढलाय. जून २०२३ मध्ये तो जागा झाला. दिवसा नुसता धूर दिसायचा, पण रात्री वरून लाल रेघ हळूहळू खाली यायची, उदबत्तीच्या टोकासारखी. डोंगरापासून सहा किलोमीटरच्या आतली माणसं हलवून शाळांमध्ये ठेवली होती. आम्हाला तिकडं जायची बंदी, पण शाळांत तांदूळ आणि पाण्याचे जार उचलायला जायचो. राखेचं सांगतो. ती मऊ नसते. बोटात धरली तर बारीक वाळूसारखी टोचते, आणि ओल्या शर्टावर बसली की सिमेंट. एक शर्ट त्यात गेला.

वादळाला तिकडं ‘बाग्यो’ म्हणतात, वर्षातून बरीच येतात. एका पुरानंतर आम्ही एका घरातला चिखल काढत होतो. घरच्या आजोबांनी भिंतीवर खिळा दाखवला, पाणी इथपर्यंत आलं. मी मोबाइलवर दुतोंड्या मारुतीचा फोटो दाखवला आणि सांगितलं, आमच्या गावात पूर याच्या अंगावर मोजतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. आजोबा म्हणाले, आणि डोक्यावरून गेलं तर? मी म्हटलं, मग मोजत नाही, पळतो. ते इतके हसले की फावडं खाली ठेवलं.

प्रश्न : बोलावलं नसताना दुसऱ्याच्या दारात आपला धर्म घेऊन जाणं तुम्हाला पटतं का? रागावू नका. (पंचवटी)

नाही रागावत. सकाळी बूट चढवताना हाच प्रश्न मला तिथं रोज पडायचा, आणि रोजचं उत्तर वेगळं असायचं.

तिकडं घरांना बेल नसते. कुंपण, फाटक, आत कुत्रा. फाटकाशी उभं राहून ओरडायचं, ‘ताओ पो!’ ताओ म्हणजे माणूस, पो हे आदराचं, आपल्या ‘हो’-‘जी’सारखं. म्हणजे, ‘माणूस आलाय हो!’ मग आतून कुणीतरी डोकावतं. मी गोरा असतो तर बघायला तरी आले असते. माझी अडचण वेगळीच होती. तिकडं कुठल्याही भारतीय माणसाला ‘बुंबाय’ म्हणतात, बॉम्बेवरून. आणि त्यांच्या ओळखीचा बुंबाय म्हणजे मोटरसायकलवरून येणारा सावकार, पाच देऊन सहा घेणारा. लहान मुलांनासुद्धा भीती घालतात, झोप नाहीतर बुंबाय नेईल.

तर एकदा आम्ही एका फाटकाशी. मी ‘ताओ पो’ म्हटलं. पडदा हलला, एक बाई अर्धी बाहेर आली, मला पाहिलं आणि एका दमात म्हणाली, मालक घरी नाहीत, पैसे गुरुवारी देते. मी म्हटलं, मी पैशांसाठी नाही आलो. तिला ते खरंच वाटेना. मी पाटी दाखवली, त्यावर येशूचं नाव आहे. ती वाचून तिनं छातीवर हात ठेवला आणि मटकन बाकावर बसली. मग हसायलाच लागली. सासूला हाक मारली, शेजारणीला मारली : बघा बघा, पैसे न मागणारा बुंबाय! आम्हाला गुळात घोळवलेली तळलेली केळी दिली. आमचं पत्रक तिनं घेतलं आणि सांगितलं, आम्ही कॅथलिक आहोत, तसेच राहणार. राहिलीही. पण त्या रस्त्यानं गेलं की हाक यायची. पुढं वादळात तिच्या घराचे पत्रे उडाले, ते बसवायला आम्ही दोन दिवस होतो.

हे झालं गोड. आता दुसरं. एका म्हाताऱ्या गृहस्थांकडं गेलो. बायको जाऊन महिना झाला होता, ते आम्हाला माहीत नव्हतं. मी पाठ केलेलं सुरू केलं, कुटुंब कायमचं एकत्र राहतं वगैरे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘पोरा, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी तिच्याबरोबर प्रार्थना करतोय. तू मला काय शिकवणार?’ मला एक शब्द सुचला नाही. तिकडं वडीलधाऱ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतात, मानो म्हणतात, आपल्या पाया पडण्यासारखं. मी ते केलं आणि निघालो. त्यांनी हात ओढून घेतला नाही, एवढंच. रात्री नियोजनाच्या वहीत त्या घरापुढं काय लिहायचं ते मला कळलं नाही. जोडीदारानं वही घेतली आणि ती ओळ रिकामी सोडली.

तर, पटतं का? माझा विश्वास आहे म्हणून मी गेलो, आणि तो विश्वास अजून आहे. पण नाशिकमध्ये मी कुणाच्या दारात जात नाही. कुणी विचारलं तर सांगतो. परवा दुपारी आमच्याकडं पाण्याचं मशीन विकणारा मुलगा आला, घामाघूम, टाय गळ्यात. आई आतूनच ‘नकोय’ म्हणून ओरडली. मी त्याला आत बसवलं, सगळं पूर्ण ऐकून घेतलं, मशीन घेतलं नाही. तासभर गेला. आई अजून बोलतेय.

प्रश्न : तिकडून येताना काय आणलंत? (इयत्ता सहावीच, मागच्याच पत्रात)

तुझे दोन प्रश्न झाले, पण ठीक आहे. मेयॉनचा एक काळा दगड आणायचा होता, नाही आणला. एक ताबो आणला. ताबो म्हणजे अंघोळीच्या बादलीतला दांड्याचा प्लास्टिकचा मग. निळा, दांड्याला एक चीर. सामोआवाल्याकडून माझ्याकडं आला आणि पाच गावं माझ्याबरोबर फिरला. बॅग उघडल्यावर आईनं तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘हा तर मेनरोडला मिळतो.’ आता तो मोरीच्या मागं असतो, अळूला पाणी घालायला.